हिमनदीला ऐकू येते काय?

प्रश्न विचारायचे संशोधकाने आणि उत्तरे द्यायची गावकऱ्यांनी, ही पाहणीची रीत आपल्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात ज्युली क्रुकशँक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना मात्र वेगळाच अनुभव आला. १९७०च्या दशकात तिथल्या आदिवासी वृद्धांमध्ये त्यांचे काम सुरू झाले. सोन्याच्या शोधात १८९०च्या दशकात उडालेली झुंबड आणि १९४२चा अलास्का महामार्ग यांनी बायकांच्या आयुष्यात काय बदल केला, हा त्यांचा प्रश्न. अँजेला सिडनी, किटी स्मिथ आणि अ‍ॅनी नेड यांनी उत्तरादाखल सांगितल्या त्या जुन्या गोष्टी! प्रथमदर्शनी हे विषयांतर वाटावे. पण काय महत्त्वाचे हे सांगणारणीच ठरवत होत्या. गोष्ट ही संशोधनाची पद्धत होते ती इथे.

याच कामातून पुढे २००५ साली त्यांचे ‘डू ग्लेशियर्स लिसन?’ हे पुस्तक आले. हिमनद्यांना ऐकू येते, वास येतो, त्यांच्याजवळ चरबीत काही तळू नये, असे या आजीबाई सांगत. पुस्तकातली एक गोष्ट तर विलक्षण आहे. किनाऱ्याकडून आलेला एक तरुण आतल्या मुलखातील एका मांत्रिकाच्या टकलाची थट्टा करतो. मांत्रिक संतापून हिमनदीला बोलावतो. ती दरी ओलांडून नदी अडवते, पाणी तुंबते, आणि शेवटी बांध फुटून खालची वस्ती वाहून जाते.

आता भूशास्त्र काय म्हणते ते पाहू. लोवेल हिमनदी ही मुसंडी मारणाऱ्या हिमनद्यांपैकी आहे. अशा हिमनद्या वर्षानुवर्षे संथ असतात. मग तळाशी साठलेल्या पाण्यामुळे घर्षण घटते आणि त्या झपाट्याने पुढे सरकतात. लोवेलने २०२१-२२ मध्येही असेच केले. पूर्वी तिने अल्सेक नदी अडवून मोठे सरोवर केले होते, आणि १८५०च्या सुमारास ते फुटले. डोंगरउतारावरच्या जुन्या काठांच्या रेषा आणि तिथे अडकलेली लाकडे याची साक्ष देतात.

मग मोह होतो: टक्कल गाळा, पूर ठेवा. क्रुकशँक याला ठाम नकार देतात, आणि तो आम्हांला पटतो. थट्टा गाळली की किनाऱ्यावरचे व्यापारी आणि आतले लोक यांच्यातला ताणही गेला, परमुलखात कसे वागावे हेही गेले. उरला तो एक पूर, आणि तो तर लाकडांनीही सांगितलाच होता! आपल्याकडे विद्यार्थी १९७२च्या दुष्काळाची छापील प्रश्नावली घेऊन जातात, ‘गुरे किती दगावली?’ म्हणून विचारतात, आणि आजी खडी फोडण्याच्या कामावर मिळणाऱ्या सुकडीची हकिगत सांगू लागली की वही मिटतात. त्या मुलांच्या शिक्षकांनी ही प्रकरणे जरूर वाचावीत.

आमची तक्रार निराळी आहे. भूशास्त्रज्ञांचे निष्कर्ष बाई देतात, पण दोन्ही ज्ञाने शेजारी मांडून हलकेच बाजूला होतात. तळणाच्या वासाने हिमनदी सरकत नाही, हे स्पष्ट म्हटल्याने कोणा आजीचा अवमान होत नाही. बर्फावर वावरताना बेफिकीर राहू नये, ही त्या निषेधातली शिस्त तरीही खरीच राहते. तसेच, एकच गोष्ट दोघी वेगळी सांगतात तेव्हा कोणता तपशील टिकला, कोणता बदलला, हे ताडून पाहायला हवे होते. विज्ञानाच्या शिक्षकाला नेमकी तिथेच गोडी वाटते. बाई मात्र विविधतेचे कौतुक करून पुढे जातात.

भाषाही मध्येमध्ये विद्यापीठी आणि जड होते. गोऱ्या प्रवाशांवरचा भाग चाळला तरी चालेल. तिघी बोलतात ती पाने मात्र सावकाश वाचावीत, जमल्यास वर्गात मोठ्याने.