‘महाराष्ट्राचे भरतपूर’ : नाव बरोबर, कारण अपुरे

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणण्याची पद्धत रूढ झाली आहे. हिवाळ्यात आई-वडिलांबरोबर तेथे जाणारी मुले हे नाव ऐकूनच घरून निघतात. नावाचा अर्थ ‘भरपूर पक्षी’ एवढाच घेतला जातो आणि सहलही त्याच बेताने आखली जाते. मनोऱ्यावर चढायचे, दुर्बीण लावायची, नावे वहीत टिपायची, एकूण किती झाले ते मोजायचे आणि परतायचे. यादी करण्यात वाईट काहीच नाही. नाव कळल्याशिवाय ओळख होत नाही. आक्षेप आहे तो यादीपाशी थांबण्याला.

या दोन ठिकाणांमधील खरे साम्य पक्ष्यांपेक्षा पाण्यात आहे. दोन्ही पाणथळी माणसाने घडवलेल्या आहेत. नांदूरला गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशी ब्रिटिश अमदानीत बंधारा बांधला गेला तो कालव्यांसाठी, पक्ष्यांसाठी नव्हे. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, पाणी उथळ झाले, बेटे व दलदल तयार झाली आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झाले. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. भरतपूरच्या सखल जमिनीत अजान बांधाचे पाणी सोडले जाई, तेही संस्थानिकांच्या बदकांच्या शिकारीसाठी. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात तेथे ४,२७३ पक्षी मारले गेले.

पाणी माणसाच्या हाती असले की पक्षीही त्याच्या निर्णयांवर अवलंबून राहतात. तुतारी उघड्या चिखलात चोच खुपसते, शेकाट्या गुडघाभर पाण्यात चालतो, वारकरी खोल पाण्यात बुडी मारतो. पातळी थोडी चढली किंवा उतरली की कोणाचे ताट मांडले जाते, तर कोणाचे उचलले जाते. नांदूरचे पाणी वरच्या गंगापूर व दारणा धरणांतून सुटते, ते शेतीच्या आवर्तनाप्रमाणे. भरतपूरच्या वरच्या अंगाला गंभीर नदीवर पांचना धरण झाले; २००४ मध्ये तेथील शेतकऱ्यांच्या विरोधामुळे पाणी न सुटल्याने उद्यान कोरडे पडले. त्या शेतकऱ्यांनाही पाणी हवेच होते. म्हणून ‘पक्षी वाचवा’ एवढे सांगून मुलांचे शिक्षण पूर्ण होत नाही.

‘माणसाला बाहेर काढा’ हेही उत्तर पुरेसे नाही. भरतपूरला १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद करण्यात आली. गुरे गेली की पक्ष्यांचे भले होईल, असा समज होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुमारे दहा वर्षांच्या अभ्यासातून निराळेच चित्र पुढे आले. म्हशी खात असलेले पाणगवत माजले, उघडे पाणी आक्रसले आणि अनेक पाणपक्ष्यांना जागा अपुरी पडू लागली. सद्हेतू हा निरीक्षणाला पर्याय ठरत नाही, हे वर्गात सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

तेव्हा सहलीच्या वहीत पक्ष्यांच्या नावांशेजारी आणखी तीन रकाने असावेत : पक्षी किती खोल पाण्यात उभा होता, तो काय करत होता आणि काठावर कोणते पीक होते. निघण्यापूर्वी नकाशावर बोटाने नदी वर धरणापर्यंत आणि कालवा खाली कोपरगावच्या शेतांपर्यंत शोधावा. हे काम आजोबा आणि पाचवीतील नात मिळून करू शकतात. त्याला महागडी दुर्बीण लागत नाही. एवढे केले तर यादीत पंधराच पक्षी असले तरी सहल वाया गेली असे होणार नाही, आणि ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे नाव मुले अर्थ समजून उच्चारतील.