जे कवक नव्हे, त्याचा खडक

माल्टा द्वीपसमूहातील गोझो बेटालगत समुद्रात चुनखडीचा एक उंच खडक उभा आहे. नकाशावर त्याचे नाव ‘फंगस रॉक’, म्हणजे कवकाचा खडक. गंमत अशी, की ज्या ‘माल्टी कवका’वरून हे नाव पडले, ते मुळात कवकच नाही. ती सायनोमोरियम कॉक्सिनियम ही सपुष्प वनस्पती आहे.

ही वनस्पती खारवट जागी वाढणाऱ्या झुडपांच्या मुळांवर परजीवी म्हणून जगते. तिच्यात हरितद्रव्य नसते. वसंत ऋतूत जमिनीतून गडद लाल रंगाचा, गदेसारखा दांडा वर येतो. भिंगातून पाहिले, की त्यावर दाटीने बसलेली असंख्य सूक्ष्म फुले दिसतात. मात्र रक्तासारखा रंग पाहून तिला रक्तस्रावावरचे औषध ठरवण्यात आले. माल्टावर १७९८ पर्यंत राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी या खडकावर पहारा बसवला आणि १७४६ मध्ये तेथे जाण्यास मनाई केली.

सिसिलीच्या बोकोनेने १६७४ मध्ये तिला कवक म्हटले, ते समजण्यासारखे आहे. त्या काळी वर्गीकरण बाह्य रूपावरूनच होई. पुढे १७२९ मध्ये मिकेलीने तिला सायनोमोरियम हे नाव दिले. १७५३ मध्ये लिनिअसने आपल्या ‘स्पीशीज प्लान्टारम’ या ग्रंथात तिला सपुष्प वनस्पतींत स्थान दिले. येथे प्रश्न मिटायला हवा होता. तरीही १७५५ मध्ये लिनिअसच्याच अध्यक्षतेखाली तिच्यावर जो प्रबंध सादर झाला, त्याचे शीर्षक होते ‘फंगस मेलिटेन्सिस’, म्हणजे ‘माल्टी कवक’! आमचा आक्षेप येथे आहे. रूढ नाव वापरणे सोयीचे असते हे मान्य. पण वर्गीकरण दुरुस्त करणाऱ्यानेच शीर्षकात जुनी चूक जपली, तर वाचकाच्या मनात चूकच राहते. खडकाचे नाव आजही तेच आहे.

यात खऱ्या कवकांवर अन्याय झाला. भूमध्य सागराच्या खडकाळ किनाऱ्यांवर रोसेला नावाची करडी दगडफुले वाढतात. प्रयोगशाळेतील लिटमसचा रंग अशाच दगडफुलांपासून काढत आले आहेत. त्यांच्यासाठी कोणी पहारा ठेवला नाही. दुसरीकडे, रूपावरून ओळखण्याची सवय जिवावरही बेतते. कॉर्सिका आणि सार्डिनियातील ओकच्या रानात ॲमॅनिटा फॅलॉइडिस ही फिकट हिरवट अळंबी उगवते. दिसायला ती निरुपद्रवी असते; पण तिचे विष यकृत निकामी करते आणि शिजवल्यानेही नष्ट होत नाही.

माल्टाच्या लोकांना हसण्यापूर्वी आपल्या मसाल्याच्या डब्यात पाहावे. त्यांनी फुलाला कवक म्हटले. आपण कवकाला ‘दगडफूल’ म्हणतो. गोडा मसाल्यात पडणारे दगडफूल हे कवक आणि शैवाल यांचे सहजीवन आहे, हे श्वेंडेनरने १८६७ मध्ये मांडले. त्याचे शरीर मुख्यतः कवकतंतूंचे असते, आणि त्या तंतूंत अडकलेल्या शैवालाच्या हिरव्या पेशी प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करतात. त्यात फूल कोठेच नाही.

म्हणून बोलीतील नावे टाकून द्यावीत असे आम्ही म्हणत नाही. ‘दगडफूल’ हा शब्द सुंदर आहे, तो राहावा. फक्त वर्गात नाव सांगून थांबू नये, पुरावा मागावा. अमरवेल आणि अळंबी शेजारी ठेवून विचारावे: दोन्ही हिरव्या नाहीत, मग दोन्ही कवके का नव्हेत? अमरवेलीला फुले आणि बिया येतात. अळंबीच्या टोपीखालच्या पडद्यांतून बीजाणू गळतात. टोपी रात्रभर कागदावर उपडी ठेवली, तर त्यांचा ठसा उमटतो. हा फरक ज्या मुलाने स्वतः पाहिला, त्याला ‘फंगस रॉक’ हे नाव फसवू शकणार नाही.