इब्री भाषा : परदेशी शिकलेली व मराठीत उतरलेली

आपल्या सेमिनरींतील काही तरुण पुढील अध्ययनासाठी परदेशी विद्यापीठांत जातात व जुन्या कराराची इब्री भाषा शिकून येतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ती भाषा येते ती इंग्रजी वेषात. व्याकरण इंग्रजीत, कोश इंग्रजीत, टीकाग्रंथही इंग्रजीत. मग व्यासपीठावरून ‘मूळ इब्रीत असे आहे’ म्हणून जे सांगितले जाते, ते बहुधा इंग्रजी कोशातील अर्थाचे मराठी भाषांतर असते. प्रस्तुत लेखक याच वाटेने गेलेला असल्याने ही टीका प्रथम त्याच्यावरच आहे.

उत्पत्ति 16:8 मध्ये दूत हागारेला ती कोठून आली हे विचारतो. तेथील ‘बात’ हे क्रियापद स्त्रीलाच उद्देशून आहे. इंग्रजीत या लिंगभेदाला जागा नाही. म्हणून वर्गातील सर्वांनी तो तक्ता घोकला, आणि मीही घोकला. मराठीतील ‘आलीस’ या रूपात तीच खूण आहे हे ध्यानी आले ते पुष्कळ वर्षांनी, ग्वाल्हेरला, लष्कर भागातील एका मराठी घरी हा उतारा वाचताना. घरच्या आजीबाई म्हणाल्या, “माहेरी आलेल्या लेकीला विचारावं तसं विचारलंय हो!” कोणत्याही टीकाग्रंथात मला हे सापडले नव्हते. अर्थात मराठी अर्धीच वाट सोबत करते. पुढचे ‘तेलेखी’ हेही स्त्रीलिंगी आहे, पण आपले ‘जाशील’ ते लपवते.

मराठीतून इब्री शिकविणे ही काही नवी कल्पना नव्हे. डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली मुंबईत बेने इस्राएल समाजासाठी इब्री व्याकरण मराठीत सिद्ध केले. त्याच समाजातील जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी इब्री प्रार्थना मराठीत आणल्या. ज्यांची मातृभाषा मराठी व उपासनेची भाषा इब्री, असे लोक कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. आपल्या अभ्यासक्रमांत त्यांचा उल्लेखही सहसा आढळत नाही, याची खंत वाटते.

या दृष्टीने पंडिता रमाबाईंचे मराठी पवित्र शास्त्र पुन्हा उघडले पाहिजे. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवीत स्वतःही शिकल्या. परंतु मूळ इब्री व ग्रीक पुढे ठेवून केलेले त्यांचे मोठे काम झाले ते केडगावी, मुक्तिसदनात. 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या. ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला. ज्या बाईला ‘पंडिता’ ही पदवी संस्कृतामुळे मिळाली, तिनेच संस्कृतप्रचुर शब्द बाजूस सारून खेड्यातील स्त्रीला कळेल असे मराठी निवडले. एवढा त्याग आपल्यापैकी किती विद्वानांना साधेल?

दोष आहेत. मुळाला फार घट्ट धरल्याने वाक्य कोठे कोठे लंगडते, आणि स्तोत्रे गाण्याजोगी होत नाहीत. चर्चच्या उपासनेत हे भाषांतर स्थिरावले नाही, यात नवल नाही. परंतु उपासनेचा ग्रंथ व अभ्यासाचा ग्रंथ यांना एकच माप लावणे अन्यायाचे आहे. परदेशाहून परतलेल्या विद्यार्थ्याच्या मेजावर इंग्रजी कोशाशेजारी हा ग्रंथ असावा. एका इब्री वाचकाने केलेली मराठी शब्दांची निवड त्याला तेथे ओळीओळीने तपासता येईल.

काही ठिकाणी मात्र कोणतेही मराठी भाषांतर हतबल ठरते. ‘रूआख’ हा शब्द इब्रीत बहुधा स्त्रीलिंगी. उत्पत्ति 1:2 मधील ‘मेरहेफेत’ हे त्याचे क्रियारूपही स्त्रीलिंगीच. आपला ‘आत्मा’ पुल्लिंगी. पक्षिणीने पिलांवर पंख हालवावेत ती छटा (हेच क्रियापद अनुवाद 32:11 मध्ये गरुडाविषयी येते) वर्गात धर्मशिक्षकाने तोंडीच सांगावी लागते, आणि ती सांगताना इंग्रजीचा आधार घेण्याचे काहीच कारण नाही.