‘नॉर्मल’ म्हणजे नक्की किती?

कॅपकॉमचा ‘डेव्हिल मे क्राय ३’ (२००५) हा मालिकेतला तिसरा गेम, पण गोष्ट पहिल्याच्याही आधीची. बाप राक्षस, आई माणूस. डांटे आणि व्हर्जिल हे जुळे भाऊ बापाच्या ताकदीवरून तीनदा भिडतात. दरवेळी समोर व्हर्जिलच, त्यामुळे आपला हात किती बसलाय ते लगेच कळतं. मला गेम आवडतो तो यासाठीच. (पहिली लढत आपण जिंकतो, तरी पुढच्या दृश्यात डांटे हरलेला दाखवतात. हे मात्र खटकतं.)

खरी गडबड पुढे आहे. जपानी आवृत्तीतली ‘हार्ड’ पातळी अमेरिकेत ‘नॉर्मल’ म्हणून आली! २००६ च्या स्पेशल एडिशनमध्ये ते दुरुस्त झालं. म्हणजे ‘मी नॉर्मलवर संपवला’ असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा, कुठली आवृत्ती?

हसू नका, मीही हेच केलंय. टोमॅटोवरच्या करप्याच्या नोंदी घेताना नारायणगावला पाव पान करपलं की ‘मध्यम’ लिहायचो. महिन्याभराने मंचरला अर्धं पान गेलं तरी ‘मध्यम’च. जुन्नर-आंबेगाव तुलनेचा तक्ता झकास दिसत होता. गाईडनी एवढंच विचारलं, “मध्यम म्हणजे किती टक्के?”

सगळी पानं फोटोंवरून पुन्हा मोजली. तीन आठवडे गेले.