यजमान आणि पाहुणे : अँड्रॉइडची एक चिकित्सा

अँड्रॉइड या कार्यप्रणालीची ओळख करून देणारी आणि तिच्यावर चालणारी ॲप कशी तयार करावीत हे शिकवणारी पुस्तके, चित्रफिती व सुटीतील शिबिरे यांना आता तोटा राहिलेला नाही. त्यांतील पहिला धडा बहुधा ठरलेला असतो. पडद्यावर एक बटण आणि त्याच्या वर एक आकडा; बटण दाबले की आकडा एकाने वाढतो. थोड्याच ओळींत काम होते. आपण केलेली वस्तू आपल्याच फोनवर चालताना पाहून विद्यार्थी हरखून जातो आणि धडा संपतो. माझी तक्रार आहे ती धडा येथे संपतो याबद्दल.

समजा, बटण पाच वेळा दाबले. पडद्यावर ५ दिसू लागले. आता फोन आडवा धरा. (पडदा आपोआप फिरण्याची सोय चालू असली पाहिजे.) चित्र फिरते, बटण रुंद होते आणि आकडा होतो शून्य. विद्यार्थी म्हणेल, "सर, बिघडलं!" बिघडलेले काहीच नाही. यंत्राने ठरल्याप्रमाणेच काम केले आहे, आणि ते तसे का केले हे समजावून सांगता आले तर अँड्रॉइडची निम्मी ओळख झाली असे मी म्हणेन.

घडले ते असे. आडव्या पडद्यासाठी मांडणी निराळी असू शकते. म्हणून पडदा फिरला की अँड्रॉइड त्या पडद्यामागचा सगळा डोलारा मोडून टाकते आणि नवा उभा करते. जुन्याने मोजलेले पाच नव्याला ठाऊक नसतात. 'ते पाच जपून ठेव' असे आपण आधी सांगून ठेवले असते, तरच ते टिकले असते. आज कोटलिन भाषेत ॲप लिहिताना 'रिमेंबर' या शब्दाऐवजी 'रिमेंबर-सेव्हेबल' असे लिहिले की आकडा टिकतो. शिकवणारे हा शब्द बदलायला सांगतात आणि पुढे जातात. तो का बदलायचा, हे बहुतेक ठिकाणी सांगितलेले मला आढळले नाही.

शाळेत आपण आज्ञावली शिकवतो ती पहिल्या ओळीपासून सुरू होते आणि शेवटच्या ओळीला संपते. तेथे आज्ञावली लिहिणारा मालक असतो. अँड्रॉइडवर तसे नाही. येथे ॲप हा पाहुणा आहे. यजमान त्याला बोलावतो, बसवतो, गर्दी झाली की उठवतो आणि न विचारता घराबाहेरही काढतो. ॲप लिहिणाऱ्याने द्यायची असतात ती यजमानाच्या प्रश्नांची उत्तरे : तुला उभे केले, आता काय करशील? दुसरे ॲप पुढे आले, तू मागे गेलास, आता काय थांबवशील? तुला मोडतो आहे, काय जपून ठेवू? 'ऑनक्रिएट', 'ऑनपॉज', 'ऑनडिस्ट्रॉय' ही पुस्तकात पाठ करायला दिलेली नावे म्हणजे हेच प्रश्न.

यजमान इतका कठोर का, याचे कारण इतिहासात आहे. सप्टेंबर २००८ मध्ये अँड्रॉइडची पहिली आवृत्ती आली. ती ज्या पहिल्या फोनवर विकली गेली, त्या एचटीसीच्या फोनची कार्यस्मृती होती १९२ मेगाबाइट. एवढ्या जागेत दूरध्वनी, नकाशा, पत्रे आणि गाणी एकत्र नांदवायची, शिवाय बॅटरी दिवसभर पुरवायची. वापरणाऱ्याने प्रत्येक ॲप आठवणीने बंद करावे अशी अपेक्षा ठेवता येत नव्हती. तेव्हा नको असलेल्यांना काढण्याचा अधिकार प्रणालीने स्वतःकडे ठेवला. स्मृती आज कितीतरी पटींनी वाढली, अधिकार मात्र तसाच राहिला. तो राहावा हे योग्यच, असे माझे मत आहे.

जीवशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल अशी एक गोष्ट येथेच आहे. फोन सुरू होताना अँड्रॉइड एक प्रक्रिया तयार करते आणि सर्व ॲपना लागणारे सामायिक साहित्य तिच्यात भरून ठेवते. पुढे कोणतेही ॲप उघडले की याच प्रक्रियेचे विभाजन होऊन नवी प्रक्रिया जन्मते. तिचे नाव 'झायगोट', म्हणजे आपला पाठ्यपुस्तकातला युग्मनज. (खरे तर येथे दोन पेशींचे मीलन नाही, नुसतेच विभाजन आहे, पण नाव ठेवणाऱ्यांना एवढी सूट द्यावी.)

या पाहुण्यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याची युक्ती तर मला या प्रणालीतली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. अँड्रॉइडचा गाभा म्हणजे लिनक्स. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने तो १९९१ साली लिहायला घेतला तो युनिक्सच्या धर्तीवर, आणि युनिक्स ही अनेक माणसांनी एकच संगणक वाटून वापरण्याच्या काळातली प्रणाली. एकाच्या फायली दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून तिच्यात प्रत्येक माणसाला एक क्रमांक दिलेला असे. फोन वापरणारा माणूस सहसा एकच. मग या क्रमांकांचे करायचे काय? अँड्रॉइडने ते ॲपना वाटून टाकले! गाभ्याच्या दृष्टीने तुमचे गाण्यांचे ॲप हा एक रहिवासी आणि बँकेचे ॲप हा दुसरा. एकाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. जुन्या कुलपाचा इतका चांगला नवा उपयोग क्वचितच झाला असेल.

खोलीबाहेरचे काही हवे असेल तर परवानगी मागावी लागते. २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपूर्वी सगळ्या परवानग्या ॲप बसवतानाच एकगठ्ठा द्याव्या लागत. द्या नाहीतर ॲप घेऊ नका. त्यानंतर कॅमेरा, ध्वनिग्राहक, ठिकाण अशा नाजूक गोष्टींसाठी त्या त्या वेळी विचारण्याची पद्धत आली. ही सुधारणा मोठी आहे, तरी तिच्यात एक भोक आहे. इंटरनेटशी बोलण्याची परवानगी 'सामान्य' गटात टाकलेली आहे. ॲपने आपल्या यादीत ती नोंदवली की मिळते. वापरणाऱ्याला कोणी विचारत नाही. म्हणजे 'संपर्कांची यादी पाहू का?' असा प्रश्न येतो, पण 'पाहिलेले बाहेर पाठवू का?' हा प्रश्न येतच नाही. वर्गात परवानग्या शिकवताना हे नेमके सांगितले पाहिजे.

त्वरणमापक वाचायलाही परवानगी लागत नाही. २०२१ सालच्या बाराव्या आवृत्तीपासून सेकंदाला २०० पेक्षा अधिक वाचने हवी असतील तर यादीत तशी नोंद करावी लागते, एवढेच. हे मात्र विज्ञानशिक्षकांच्या पथ्यावर पडणारे आहे. दोरीला टांगलेल्या फोनचा आवर्तकाल मोजायला दोनशे वाचने भरपूर होतात. जर्मनीतील आखेन विद्यापीठाचे २०१६ सालचे फायफॉक्स हे ॲप याच सोयीवर उभे आहे, आणि पहिला धडा बटणाऐवजी लंबकाचा का नसावा हे मला कळत नाही.

आता मराठीविषयी. अँड्रॉइडच्या पडद्यावरचा मजकूर मराठीतून दिसण्याची सोय २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आली. ॲपमध्ये मजकूर आणि आज्ञा वेगवेगळ्या ठेवायच्या असतात. मराठी शब्दांची फाइल 'व्हॅल्यूज-एमआर' नावाच्या कप्प्यात ठेवली की मराठी निवडलेल्या फोनवर तीच आपोआप उचलली जाते. ही रचना उत्तम आहे. इंग्रजी न येणाऱ्या आजीसाठी नातवाला एका संध्याकाळी आपल्या ॲपचे मराठीकरण करता येते.

आकड्यांच्या बाबतीत मात्र कसोटी लागते. मराठी निवडलेल्या फोनवर तीच संख्या एका रीतीने छापली तर 12.5 अशी येते आणि दुसऱ्या, भाषेचे भान ठेवणाऱ्या रीतीने छापली तर १२.५ अशी. आपल्याला दुसरी बरी वाटणार. पण हाच देवनागरी मजकूर पुन्हा संख्या म्हणून वाचायला गेलो की घोटाळा होतो. पूर्णांक वाचणारी आज्ञा '१२' हे बिनतक्रार वाचते. दशांश अपूर्णांक वाचणारी आज्ञा '१२.५' पाहताच त्रुटी कळवते, आणि तिची व्यवस्था आपण केलेली नसेल तर ॲप कोसळते. एकाच भाषेच्या एकाच संचातल्या या दोन आज्ञा. हा वारसा जावाकडून आलेला आहे. इंग्रजी फोनवर तपासून 'चालते' म्हणून पुढे पाठवलेले ॲप मराठी फोनवर का पडते, हे शोधण्यात विद्यार्थी आज्ञावलीशास्त्राचे जेवढे शिकेल तेवढे दहा बटणांतून शिकणार नाही.

येथवर मी यजमानाची बाजू बरीच घेतली. पण यजमान कोण, हेही विचारायला हवे. अँड्रॉइड 'मुक्त' आहे असे प्रत्येक परिचयात लिहिलेले असते. २००३ साली स्थापन झालेली ही लहान कंपनी गूगलने २००५ मध्ये घेतली. ५ नोव्हेंबर २००७ रोजी ३४ कंपन्यांचा संघ जाहीर झाला, आणि पुढच्या वर्षी मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली. हे सारे खरे आहे. परंतु मुक्तपणाला थर आहेत. तळाच्या लिनक्सचा परवाना असा, की त्यात बदल करून तो वाटला तर ते बदलही उघड करावे लागतात. त्यावरच्या थराचा परवाना अपाची. तेथे बदल झाकून ठेवण्याची मुभा आहे. आणि सर्वांत वर, नकाशे, निरोपांच्या सूचना, ॲपचे दुकान यांचा जो थर आपण दिवसभर वापरतो, तो मुळीच खुला नाही. २०११ मध्ये तिसऱ्या आवृत्तीची आज्ञावली गूगलने रोखून धरली होती. ती बाहेर आली नोव्हेंबरमध्ये, चौथीबरोबर. मार्च २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की यापुढे सगळी जडणघडण घरातच होईल आणि आज्ञावली आवृत्ती तयार झाल्यावर बाहेर येईल. फोन बनवणाऱ्यांवर घातलेल्या अटींबद्दल भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. विद्यार्थ्याला 'मुक्त' हा शब्द सांगताना कोणता थर, हेही सांगावे.

शाळेच्या दृष्टीने याहून जवळची अडचण वेगळीच आहे. १९८४ साली 'क्लास' प्रकल्पातून आपल्या शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे आजच्या एका लहानशा छायाचित्राइतकीही नाही. पण बटण दाबले की समोर बेसिक भाषा तयार असे. जे यंत्र वापरायचे त्याच यंत्रावर लिहायचे. आजचा फोन त्याच्या लाखो पट स्मृती बाळगतो, आणि त्यासाठी ॲप लिहायचे अधिकृत साधन, अँड्रॉइड स्टुडिओ, त्या फोनवर चालत नाही. त्याला वेगळा संगणक लागतो आणि त्याची कार्यस्मृती किमान ८ गिगाबाइट लागते. घरात फोन आहे पण संगणक नाही, अशा मुलांचे काय?

त्यांच्यासाठी एक पर्याय म्हणजे ॲप इन्व्हेंटर. एमआयटीचे हॅल अबेलसन यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये गूगलमध्ये तो तयार झाला. गूगलने हात काढून घेतल्यावर २०१२ पासून एमआयटीने तो चालवला. ठोकळे जुळवून ॲप होते आणि शाळेतला जुनापाना संगणकही पुरतो. ठोकळे उघडपणे बालिश दिसतात म्हणून त्यांना हसणाऱ्यांपैकी मी नाही. पण पाहुणा-यजमानाचे वर सांगितलेले नाट्य तो बहुतांशी पडद्याआड ठेवतो. आठवीसाठी ठीक, अकरावीसाठी नाही.

आणि केलेले ॲप मित्राला द्यायचे कसे? गूगलच्या दुकानात ठेवायचे तर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात आणि वय अठरा पूर्ण असावे लागते. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आधी परीक्षकांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घेण्याची अटही आहे. परीक्षक वीस हवे होते, डिसेंबर २०२४ मध्ये ते बारावर आणले. म्हणून शाळेतली मुले सरळ फाइल पाठवत आली. अँड्रॉइडचा हा मोकळेपणा ॲपलच्या फोनवर नव्हता, आणि माझ्या मते शिक्षणासाठी अँड्रॉइड निवडण्याचे तेच सर्वांत मोठे कारण होते. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने घोषणा केली, की सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड येथे आणि २०२७ पासून क्रमाने इतरत्र, ओळख पटवलेल्या विकसकाचेच ॲप प्रमाणित फोनवर बसेल. फसव्या ॲपना आळा घालणे हा हेतू सांगितला आहे आणि तो खोटा नाही. फाइल पाठवून लुबाडण्याचे प्रकार आपल्याकडेही घडतात. विद्यार्थ्यांसाठी थोड्या फोनांपुरते वेगळे खाते ठेवू, असेही कंपनीने म्हटले आहे. तरीही वर्गातल्या मुलीने केलेला लंबकमापक शेजारच्या शाळेतल्या पन्नास मुलांना देण्यापूर्वी दूरच्या एका कंपनीकडे नाव नोंदवावे लागणे, ही गोष्ट मला खटकते.

तारेने जोडून स्वतःच्या फोनवर ॲप बसवण्याची वाट मात्र याच घोषणेत खुली ठेवली आहे. त्यासाठी फोनच्या माहितीच्या पानावर जाऊन 'बिल्ड क्रमांक' सात वेळा दाबावा लागतो. मग विकसकांसाठीचे पर्याय दिसू लागतात, त्यांत तारेवरून चाचणी करण्याचा पर्याय असतो. तास संपला की तो बंद करायला मुलांना सांगावे.