पालुपदं सगळीच गाळायची का?

बोलताना 'म्हणजे', 'काय आहे की', 'ॲक्चुअली' ही पालुपदं सरसकट गाळा, असा सल्ला हल्ली फार ऐकू येतो. मला तो अर्धाच पटतो.

न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वादात हार ठरवणारी २२ निग्रहस्थानं आहेत. त्यांत 'अधिक' म्हणजे गरजेपेक्षा जास्त हेतू-उदाहरणं देणं आणि 'पुनरुक्त' हेही दोषच. म्हणजे, बघा, माझ्याही तोंडून आलंच, फापटपसाऱ्याचं वावडं आपल्याला जुनंच आहे. पण ते नियम वादसभेचे, ओसरीवरच्या गप्पांचे नव्हेत. यास्कानं तर निरुक्तात नुसते पादपूरणासाठी येणारे निपातही नोंदवले. अर्थ नसेल, पण काम आहे. क्लार्क आणि फॉक्स ट्री यांनी २००२ साली इंग्रजीतल्या 'अं'बद्दल असंच मांडलं: बोलणारा त्यातून 'थांबा, पुढचं येतंय' असं कळवत असतो.

मग गाळायचं काय? 'बेसिकली, तसं पाहिलं तर' काढल्यावर वाक्यात काहीच उरत नसेल, तर दोष शब्दाचा नाही. आधी विचार करा. पण कुणी वाईट बातमी सांगताना 'म्हणजे... काय झालं की...' असं अडखळला, तर त्याला सुधारू नका. तो ऐकणाऱ्याला सावरायला वेळ देतोय.