फाल्गुन वद्य की चैत्र कृष्ण?

कुलवृत्तांत हा खास मराठी वाङ्मयप्रकार आहे, पण समीक्षकांनी तो जवळजवळ वाचलेलाच नाही. घरी आलेल्या ग्रंथात आपले नाव शोधायचे आणि तो कपाटात ठेवायचा, एवढाच रिवाज. मी सध्या हे ग्रंथ तारखांसाठी वाचतो आहे. माझी मुख्य तक्रार अशी की, बरेच संपादक जुन्या कागदावरची मिती गाळतात आणि तिच्या जागी नुसती इंग्रजी तारीख छापतात.

याच्या उलट जेधे शकावली पाहावी. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातला हा कागद लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध केला. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीयेचा मानला जाई. शकावलीने शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असे सांगितले आणि पुढे शिवभारतातही तीच तिथी मिळाली. शकावलीला वर्णनाचा सोस नाही. पण संवत्सर, तिथी, वार आणि नक्षत्र एकत्र लिहिल्यामुळे एक चुकले तर दुसरे ते उघड करते. गद्य म्हणूनही मला हा कोरडेपणा आवडतो.

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये स्वीकारलेली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख याच मितीची, पण जूलियन मोजणीने. आजची ग्रेगोरियन मोजणी मागे नेली तर तो दिवस १ मार्च येतो. वार दोन्हीकडे शुक्रवारच. पोर्तुगालने १५८२ मध्येच नवी मोजणी घेतली होती. ब्रिटिश राज्यात मात्र १७५२ साली २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. त्याआधी इंग्रजांचे कायदेशीर वर्षही २५ मार्चला बदलत असे. म्हणजे रायगडावरचा राज्याभिषेक इंग्रजांच्या लेखी ६ जून १६७४ चा, तर गोव्यातल्या मोजणीने १६ जूनचा. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या आमच्या भिलाईला याचे नवल वाटू नये. इथे आलेले रशियन ऑक्टोबर क्रांतीचा दिवस नोव्हेंबरातच पाळत.

सेक्टर ६ मधल्या मराठी घरांत मात्र वेगळाच घोळ दिसतो. कारखान्याच्या नोकरीसाठी आलेल्यांची नातवंडे आता वंशावळी लिहीत आहेत आणि हाताशी हिंदी पंचांग असते. ‘माघ वद्य’चे ‘माघ कृष्ण’ करणे निरुपद्रवी वाटते. पण आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. आपले माघ वद्य म्हणजे इथले फाल्गुन कृष्ण. नुसता शब्द बदलला की माणूस महिनाभर अलीकडे जाऊन पडतो. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच, त्यामुळे वंशावळीतल्या निम्म्या तारखा बरोबर निघतात आणि उरलेल्यांचा संशय कोणालाच येत नाही.

त्यातच शकात सरसकट ७८ मिळवायची सवय. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात, नाहीतर शके १५५१ चा फाल्गुन १६२९ मध्ये जातो. १९५७ पासूनच्या राष्ट्रीय पंचांगातही चैत्र, वैशाख हीच नावे आहेत, पण ते महिने सौर आहेत. सरकारी कागदावरचा ‘चैत्र १’ पाडवा समजू नये.

माझ्यासमोर एका घराच्या दोन वंशावळी आहेत, एक विदर्भात छापलेली, दुसरी इथे टंकलेली. पणजीच्या मृत्यूच्या तारखांत एक महिन्याचे अंतर आहे. दोन्ही भावांची घरे आपापल्या तारखेवरून तिथी काढून श्राद्ध करतात, आणि दुसऱ्याने आळस केला असे दोघांनाही वाटते. मूळ वहीत माघ वद्य अष्टमी आहे, असे दोन्हीकडचे सांगतात. शेजारी वार असता तर पाच मिनिटांत निकाल लागला असता, कारण एकोणतीस-तीस दिवसांनी वार एकदोन घरे पुढे सरकतोच. वही आता राहिली नाही. वार कोणत्याच वंशावळीत छापलेला नाही.